बॅटरी ७१ टक्के, तरी गाडी मेलेली. इलेक्ट्रिक गाडी ठेवावी की विकावी?

मानपाडा_ते_वाशी

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. लांबलं तर सांभाळून घ्या.

गाडी २०२३च्या दिवाळी पाडव्याला घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की धागा 'आमचीच कंपनी चांगली' या वळणावर जातो आणि माझा प्रश्न बाजूला राहतो. ४० युनिटची बॅटरी, आजवर ३८,००० किलोमीटर. रोजचा रस्ता मानपाडा, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी. जाऊन-येऊन ५० किलोमीटर. त्यामुळे रेंजची चिंता मला कधीच नव्हती, पण भेटेल तो रेंजच विचारतो. "एका चार्जिंगमध्ये किती जाते?" अहो, जाते तेव्हा २६० जाते. जात नाही तेव्हाचं विचारा.

घरात सासरे आहेत, आम्ही अण्णा म्हणतो. वय ७८. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, सकाळी ६ची पहिली पाळी, चार तास. ही पाळी मिळायला आम्ही सात महिने थांबलो होतो. वेळेत पोचलं नाही तर मध्येच कोणी घेत नाही, दुपारपर्यंत ताटकळायचं. गाडी घेतली ती मुख्यतः त्यांच्यासाठी. सीट उंच, इंजिनाची थरथर नाही, सिग्नलला हळूच थांबते. डायलिसिस झालेल्या माणसाला रिक्षातून घोडबंदरच्या खड्ड्यांवरून घरी आणणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

मी वही ठेवते. दुधाची, सिलिंडरची, तशी गाडीची. त्यातल्या तीन नोंदी देते.

१४ मे २०२५, बुधवार. रात्री ११ला ३१ टक्क्यांवर चार्जिंगला लावली. पहाटे ५ला बघते तर ३४. लावल्यावर थोड्याच वेळात बंद पडलं असणार. त्या महिन्यात असं पाच वेळा झालं. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने सॉकेट बदललं, एमसीबी बदलला, शेवटी माझ्याकडेच संशयाने बघितलं. जूनमध्ये पाऊस धरला आणि दुखणं आपोआप थांबलं. का, ते कुणालाच कळलं नाही.

९ जुलै, बुधवार. अण्णा सहा दिवस ॲडमिट होते, गाडी तेवढे दिवस आमच्या इमारतीच्या पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या मजल्यावर उभी. त्यांना घरी आणायला निघाले तर रिमोट दाबून काही होईना. रोडसाइड असिस्टन्सचा मुलगा दोन तासांनी आला, डब्यासारखं काहीतरी लावलं, गाडी जागी झाली. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस ठेवून घेतली. जॉबकार्डवर शेरा: तक्रार आढळली नाही, सॉफ्टवेअर अपडेट केले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार. हे मात्र नीट सांगते.

रुग्णालयाचं पार्किंग दोन मजले खाली आहे. अण्णांना वर सोडून गाडी खाली लावली. १०:३०ला सुया निघाल्या, जागा दाबून धरायची ती पंधरा मिनिटं झाली, त्यांना व्हीलचेअरवरून पोर्चमध्ये आणून वॉर्डबॉयजवळ बसवलं आणि मी गाडी आणायला खाली गेले. दार उघडेना. रिमोटच्या पोटात एक पत्र्याची चावी असते, ती काढली. ती घालायचं भोक हँडलच्या कडेला टोपणाखाली लपवलेलं आहे, ते मोबाइलच्या उजेडात नखाने उचकटलं. आत बसले. स्क्रीन काळी, बटण दाबलं तरी टिक नाही की टुक नाही. सकाळी निघताना ॲपवर ७१ टक्के बघितले होते. म्हणजे मला पुण्याला नेऊन सोडेल एवढी वीज गाडीच्या पोटात, आणि दार उघडण्यापुरती नाही.

खाली फोनला रेंज नाही. दोन मजले रॅम्प चढून वर आले, हेल्पलाइनला फोन केला, "टोइंग पाठवतो मॅडम". ट्रक १२:१०ला आला. आला म्हणजे रॅम्पच्या तोंडाशी आला. वर पिवळी पट्टी, त्यावर लिहिलेलं 'उंची २.१ मीटर'. ड्रायव्हरने मान वर करून पट्टी वाचली, मग स्वतःच्या ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हटलं ढकलत वर आणू. तेही नाही, कारण हँडब्रेक विजेवरचा, सोडवायलाही वीजच लागते. चाकं दगडासारखी. पार्किंगवाल्या मुलाने विचारलं, "मॅडम, बॅटरी फुल आहे ना? मग?" मला त्याला सांगता येईना.

शेवटी एका वॅगनआरवाल्या गृहस्थांकडे जंपर केबल निघाली. "इलेक्ट्रिकला लावली तर काही उडणार नाही ना?" ते म्हणाले. मी जुलैत त्या मुलाने काय केलं ते बघून ठेवलं होतं. बॉनेट उघडलं, लालला लाल, काळी बोल्टला. दोन मिनिटांनी बटण दाबलं आणि खालून 'टक्' असा जाड आवाज आला. सगळे दिवे लागले. ७१ टक्के.

तोवर अण्णांना वॉर्डबॉयने रिक्षात बसवून दिलं होतं. सोबतीला कोणी नाही. यांना ऑफिस सोडून घरी पळावं लागलं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर या वेळी तोंडी: "आमच्याकडे तर व्यवस्थित स्टार्ट होतेय मॅडम."

बाकी स्क्रीन अधूनमधून गोठते, रिव्हर्स कॅमेरा काळा होतो, हे मी मोजत नाही. पुढून खडखड येत होती, सस्पेन्शनच्या लिंक बदलल्या. त्यात विजेचा दोष नाही, तो मेट्रोच्या कामाखालच्या रस्त्याचा प्रसाद.

हे म्हणतात विकून टाक. गाडी चालवायला इतकी गोड आहे की जीव होत नाही. पण पहाटे ५:१५ला बटण दाबताना पोटात गोळा येतो, दिवसातून दहा वेळा ॲप उघडून 'आहेस ना गं' असं बघत बसते. जाणकारांनी सांगावं: हे माझ्याच गाडीचं आहे की या जातीचंच आहे?

पेट्रोलप्रेमी_७२

म्हणून सांगत होतो, निदान १० वर्षं थांबा. ढकलस्टार्ट तरी होते आमची.

मानपाडा_ते_वाशी

@पेट्रोलप्रेमी_७२ दोन मजली रॅम्पवर चढणीला ढकलस्टार्ट करून दाखवा, मी पेढे वाटते.

तुर्भे_ऑटोइलेक्ट्रिक

ताई, माझं तुर्भ्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम आहे, २२ वर्षं. तुमची मोठी बॅटरी ठणठणीत आहे. मेली ती छोटी, १२ व्होल्टची. आपल्या जुन्या गाड्यांत असते तीच, काळी, लेड-ॲसिडची.

मोठी बॅटरी गाडी बंद असताना गाडीपासून तोडलेली असते, मुद्दाम. तिचे व्होल्ट ३०० च्या पुढे असतात, अपघातात किंवा गॅरेजमध्ये कुणी चिकटायला नको म्हणून. ती जोडायला मोठे रिले असतात, कॉन्टॅक्टर म्हणतात. तुम्ही 'टक्' ऐकलात तो त्यांचाच. आता हे कॉन्टॅक्टर ओढायला वीज कुठून येते? छोट्या बॅटरीकडून. दाराचं कुलूप, स्क्रीन, हँडब्रेक, सगळं तिच्यावर. म्हणजे तिजोरीत लाख रुपये आहेत आणि किल्ली ज्या मुलाकडे आहे तो झोपलाय.

पेट्रोल गाडीत बॅटरी जायला लागली की सेल्फ सांगतो. आठ-पंधरा दिवस आधीपासून सकाळी घर्रर्र घर्रर्र करतो, माणूस समजतो आणि दुकानात येतो. इलेक्ट्रिकमध्ये सेल्फच नाही. छोट्या बॅटरीला फक्त कॉम्प्युटर उठवायचे आणि दोन रिले ओढायचे. अर्धी मेलेली बॅटरीसुद्धा ते काम शेवटच्या दिवसापर्यंत करते. म्हणून गिऱ्हाईक येतो तो सांगत येतो, काल रात्रीपर्यंत एकदम ओके होती.

सर्व्हिसवाले खोटं बोलत नसतील. जंप दिल्यावर गाडी 'रेडी'ला आली की मोठी बॅटरी छोटीला चार्ज करायला लागते. तुम्ही तिथपर्यंत चालवत नेणार, तोवर ती वर आलेली. ते चार्जला लावून सकाळी बघणार, सगळं हिरवं. चूक त्यांची ही की लोड टेस्ट केली नाही, म्हणजे भार टाकून बॅटरी तग धरते का ते बघितलं नाही. बॅटरी एकदा तळाला गेली की पहिल्यासारखी राहत नाही, प्लेटांवर खडा धरतो. जुलैत मेली तेव्हाच बदलायला हवी होती. सप्टेंबरचं मरण जुलैतच ठरलं.

आता ती जुलैत का मेली ते शोधा. मला सांगा:

डॅशकॅम लावलाय का? कुणी लावला, कंपनीने की बाहेरून?
ॲप घरात किती फोनवर आहे?

मानपाडा_ते_वाशी

डॅशकॅम आहे. गेल्या मार्चमध्ये बाहेरच्या ॲक्सेसरीवाल्याकडून लावला. 'पार्किंग मोड चालू करून दिलाय मॅडम, गाडी बंद असली तरी रेकॉर्डिंग होतं' असं कौतुकाने सांगितलं होतं त्याने. ॲप तीन फोनवर. मी, हे, आणि मुलगा.

तुर्भे_ऑटोइलेक्ट्रिक

हे घ्या. सापडला चोर, पण मोजल्याशिवाय पकडायचा नाही.

डीसीचा क्लॅम्प मीटर असलेला माणूस बोलवा. साधा एसीचा क्लॅम्प चालणार नाही, बारा व्होल्ट डीसी आहे. बॉनेट उघडून ठेवायचं, पण त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने बसवून टाकायची, म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट बंद आहे. लॉक करा, रिमोट घरात लांब ठेवा. रिमोट जवळ असला तर काही गाड्या झोपत नाहीत. अर्धा तास चहा प्या. मग छोट्या बॅटरीच्या वायरवर क्लॅम्प. गाडी झोपली असेल तर आकडा २०-५० मिलीॲम्पिअरच्या आसपास हवा. त्याच्या कितीतरी वर असेल तर फ्यूज एकेक काढत जा, कुठल्या फ्यूजला आकडा पडतो ते बघा. मग कुणीतरी ॲप उघडा आणि मीटर बघत राहा. मजा येईल.

तळघराचाही संशय आहे. गाडीच्या आत सिम असतं. रेंज नसली की ते नेटवर्क शोधत बसतं आणि गाडीला नीट झोपू देत नाही. सगळ्या गाड्यांत नाही होत, पण मी पाहिलंय.

नारिंगी रंगाच्या जाड वायरीला मात्र हात लावायचा नाही. कुणालाही लावू द्यायचा नाही. तो मोठ्या बॅटरीचा करंट.

निवृत्त_वीजवाला_नेरुळ

ताई, १२ व्होल्टचं तुर्भेवाल्यांनी अचूक सांगितलं आहे. मी मे महिन्याच्या नोंदीवर बोलतो. नोकरीभर वीज वितरणात होतो.

"मे महिन्यात बंद पडतं, पाऊस धरला की आपोआप थांबतं." हे वाचलं आणि मला तुमच्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा डोळ्यांसमोर दिसला. कोपऱ्यात असेल, वर सिमेंटचं झाकण, झाकणावर कुणीतरी कुंडी ठेवलेली.

अर्थिंग म्हणजे जमिनीत पुरलेला इलेक्ट्रोड. भोवतीची माती ओली असेल तर तो वीज जमिनीत नीट सोडतो. एप्रिल-मेमध्ये माती कोरडी पडते, रोध वाढतो. तुमच्या फ्रिजला, वॉशिंग मशीनला फरक पडत नाही, ते बिचारे अर्थिंग आहे की नाही हे विचारतच नाहीत. गाडीचा चार्जर विचारतो. अर्थ मिळत नसेल किंवा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जास्त व्होल्ट दिसत असतील तर तो चार्जिंग थांबवतो, आणि ते तुमच्या जिवासाठी. पत्र्याच्या गाडीला हात लावून तुम्ही ओल्या फरशीवर उभ्या असता. तेव्हा त्या बंद पडण्याला गाडीचा बिघाड समजू नका.

उपाय सोपा आहे. सोसायटीला खड्डा उघडायला लावा, उन्हाळ्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी. झाकण कायमचं सिमेंटने बुजवलेलं असेल तर नवीन खड्डा करा. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या, पण चार्जिंग चालू असताना. रिकाम्या लाइनवर सगळेच आकडे गोंडस येतात. चालू लोडवर दोन-तीन व्होल्टच्या आत असावं.

दुसरं, सॉकेट. १५ ॲम्पिअरचं घरगुती सॉकेट गीझरसाठी असतं, गीझर वीस मिनिटं चालतो. तुमची गाडी त्यातून सहा-आठ तास जवळपास पूर्ण लोड ओढते. उद्या सकाळी प्लगटॉप काढून पितळी पिना बघा. एखाद्या पिनेच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी पडलेलं असेल तर तिथे संपर्क सैल आहे. मी आमच्या सेक्टरमध्ये तीन बघितले, एक पार वितळलेला. निळं औद्योगिक सॉकेट लावा, मीटरपासून स्वतंत्र तांब्याची केबल ओढा, किमान ४ चौरस मिलिमीटर, आणि एमसीबीच्या जोडीला आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळली तर लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवाच. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळा मीटर मागता येतो, म्हणजे सोसायटीच्या सभेत 'हिची वीज आम्ही का भरायची' हा विषयही संपतो.

कोपरखैरणे_टॅक्सी

मी इलेक्ट्रिकवर टॅक्सी करतो, १,४०,००० झाले. मॅडम विकू नका, पण डोळे मिटून भरवसा पण नको.

माझी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) जातीची बॅटरी आहे. एकदा खारघरवरून परत येताना काट्यावर ११ टक्के होते, ऐरोलीचं भाडं घेतलं, घणसोलीला पोचेपर्यंत ३. पॅसेंजर उतरून रिक्षात बसले, मी एसी बंद करून कासवासारखा घरी. मग कळलं, या बॅटरीचे व्होल्ट मधल्या टप्प्यात जवळपास बदलतच नाहीत, तर गाडीला किती उरलंय ते व्होल्टवरून समजत नाही, ती हिशोब मांडून अंदाज करते. मी रोज फास्ट चार्जरवर ८०ला काढायचो. हिशोब चुकत चुकत गेला. आता आठवड्यातून एकदा रात्री घरच्या चार्जरवर १००ला नेऊन अजून थोडा वेळ तसाच ठेवतो. काटा सरळ आला. तुमची कुठली बॅटरी आहे ते पुस्तकात बघा, दुसऱ्या जातीची असेल तर रोज १०० नको.

टोइंगवाल्याला पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. माझी मोटर पुढच्या चाकांना आहे, चाक फिरलं की मोटर फिरते आणि वीज बनवायला लागते. पूर्ण गाडी ट्रकवर चढवायची, नाहीतर चाकांखाली ट्रॉली.

विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की थांबा. बॅटरीचा डबा आयपी६७ असतो, एक मीटर पाण्यात अर्धा तास. तो डबा हां. बाकीची गाडी नाही. शॉक लागत नाही, पण नंतर कनेक्टर सडतात आणि वॉरंटीवाला फोटो काढतो.

टायर ३२,००० ला गेले. वजन आणि उचल, दोन्ही खातात. ब्रेकचे पॅड मात्र आजवर एकदाच बदलले.

पाचपाखाडी_ग्राहक

ताई, तांत्रिक मला कळत नाही, कागदाचं सांगते. स्वतः एका घरगुती उपकरणासाठी भांडले आहे.

तुमच्याकडे जुलैचं जॉबकार्ड लेखी आहे, सप्टेंबरचं नाही. ते आधी मागा. तोंडी 'आमच्याकडे स्टार्ट होतेय' याला कागदावर किंमत शून्य. ईमेल करा: अमुक तारखेला, अमुक वाजता गाडी बंद, बाहेरून १२ व्होल्ट दिल्यावर चालू, लोड टेस्ट करून आकडा लेखी द्यावा. तुमच्या वहीतल्या नोंदी फोटो काढून जोडा. टोइंगवाल्याचा मेसेज जपून ठेवा.

मोठ्या बॅटरीची साधारणपणे ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी असते, ती छोट्या बॅटरीला लागू नसते. तिचा वेगळा कागद बघा, मुदत बरीच कमी असते. बाहेरून वायर कापून डॅशकॅम लावला असेल तर तिथेच बोट ठेवतील, त्याची तयारी ठेवा.

दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे जिल्हा आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही. मुदत दोन वर्षं. फी वस्तूच्या किमतीवर आहे, १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. मुंबई ग्राहक पंचायतीकडेही मार्गदर्शन मिळतं.

पण मला विचाराल तर बॅटरी पदरचे पैसे घालून आजच बदला आणि मग भांडा. अण्णांची पाळी तारखेवर तारीख घेत नाही.

मानपाडा_ते_वाशी

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी, २८ सप्टेंबरला मोजणी केली, वहीतून उतरवते.

तुर्भेवाल्या दादांनी ओळखीच्या एका मुलाला क्लॅम्प मीटर घेऊन पाठवलं. त्याने बॉनेटची कडी स्क्रूड्रायव्हरने बसवली, मी रिमोट घरी डब्यात ठेवून आले. वॉचमन, सेक्रेटरी आणि तिसऱ्या मजल्यावरचे जोशीकाका खुर्च्या टाकून बसले, मी चहा आणला. अर्ध्या तासाने आकडा: ०.४१ ॲम्पिअर. मुलाने फ्यूज बॉक्सकडे बघितलं आणि काहीही न काढता म्हणाला, "ही वायर बघा." डॅशकॅमची लाल वायर सतत चालू असणाऱ्या फ्यूजमध्ये खोचलेली, वर इन्सुलेशन टेप. ती उपसली. आकडा ०.०३.

०.४१ म्हणजे दिवसाला जवळपास १० ॲम्पिअर-तास. बॅटरी ४५ची. सहा दिवस पोडियमवर. जुलैचा हिशोब मिळाला.

मग मी ॲप उघडलं. मीटर ०.०३वरून एकदम ५ वर. गाडीत कुठेतरी पंखा घुं करून सुरू झाला. ॲप बंद केलं तरी आकडा दहा-अकरा मिनिटं खाली येईना. जोशीकाका म्हणाले, "म्हणजे तुम्ही बिचारीला सारखं उठवून विचारताय, झोप लागली का?" सगळे हसले, मीही हसले, पण मला तेव्हा बरं वाटलं नाही. एकदा उघडलं की जवळपास एक ॲम्पिअर-तास. दिवसातून दहा वेळा मी. सप्टेंबरात बॅटरी आधीच अर्धमेली, रात्रभर डॅशकॅम, त्यात माझं हे, शिवाय तळघरात रेंज शोधत बसलेलं सिम. तळघराचं मोजता आलं नाही, तो अंदाजच.

लोड टेस्टमध्ये छोटी बॅटरी नापास. वॉरंटी संपलेली, नवीन घेतली. डॅशकॅम आता गाडी चालू असतानाच चालतो. दाराच्या खिशात जंपर केबल नाही, कारण दाराच्या खिशात हात घालायला दार उघडावं लागतं. हे वाक्य लिहिताना कळलं की पत्र्याच्या चावीने ते उघडतं, तर चालेल. तरीही जंप स्टार्टरचा छोटा डबा घेतला तो माझ्या पर्समध्ये. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये व्होल्ट दाखवणारी डबी लावली आहे, ती गाडी चालू असताना १४च्या आसपास दाखवते. पहाटे मोजायचं तर मल्टिमीटरने, तेही आता येतं.

वीजवाले काका, खड्डा सापडला. झाकणावर कुंडी नव्हती, मुलांची सायकल होती. प्लगटॉपची एक पिन तपकिरी निघाली. निळं सॉकेट बसलं, आरसीसीबीचं कमिटीने पुढच्या सभेवर टाकलंय.

सर्व्हिस सेंटरला ईमेल गेला आहे. लोड टेस्ट न करता 'तक्रार आढळली नाही' लिहिण्याबद्दल. अजून उत्तर नाही. डॅशकॅम बाहेरून लावला ही माझी चूक मी त्यात आधीच लिहून टाकली, म्हणजे त्यांना शोधायचे कष्ट नकोत.

कोपरखैरणे_टॅक्सी

ॲप काढलंत का मॅडम तिघांच्या फोनमधून?

मानपाडा_ते_वाशी

माझ्या आणि यांच्या फोनमधून काढलं. मुलाला सांगायला फोन केला. तो पुण्याला शिकतो. म्हणाला, मी तर फक्त सोमवार-बुधवार-शुक्रवारच बघतो, ११च्या सुमाराला, गाडी पोडियमवर आली की अण्णा घरी आले असं समजतो, मग लेक्चरला जातो. आम्हाला कुणाला हे माहीत नव्हतं. काढ म्हणायला तोंड उघडेना.

अण्णा बाजूलाच होते, त्यांनी फोन मागून घेतला. आता डायलिसिसच्या दिवशी घरी पोचलो की चप्पल काढायच्या आधी तेच त्याला फोन लावतात. बोलतात फारसं नाही. "आलो रे," एवढंच.

गाडी विकत नाहीये, तूर्तास.